वर्ट थंड करताना वाहणारे पाणी

घरी बिअर करताना उकळलेले वर्ट (धान्याचा गोड काढा, जो आंबवून बिअर होते) त्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्या नळीतून गार पाणी सोडून थंड केले, तर २० लिटर वर्टसाठी त्याच्या कित्येक पट पाणी सहज खर्ची पडते. ते मोरीत सोडू नये. नळी शाबूत असल्यास या पाण्याचा वर्टला स्पर्शही होत नाही, मात्र बागेच्या साध्या पाइपातून आलेले हे पाणी पिण्यास वापरू नये. सुरुवातीच्या बादल्या हात पोळेल इतक्या गरम निघतात आणि खरे मोल त्यांचेच असते: त्या बाजूला भरून ठेवल्यास वर्ट आंबवण्याच्या भांड्यात जाताच चिकट पातेले व गाळणी त्याच पाण्याने घासता येतात. नंतरचे कोमट पाणी कपड्यांना किंवा फरशीला वापरावे. झाडांना ते पूर्ण निवल्यावरच घालावे. घाई करून मी एक कुंडी गमावली आहे.