पाकिटावरचं 'ॲसिडिटी रेग्युलेटर ३३०' खरंच घातक असतं का?

तुमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक यादी आली, तीत ३३० हा सगळ्यांत वाईट, कॅन्सर करणारा नंबर म्हटलाय. मग मुलीच्या जॅमच्या बाटलीवर नेमका तोच दिसला आणि नूडल्सवर ५०० आणि ५०१. हे सगळं बंद करू का, असं तुम्ही विचारलंय.

३३० च्या धास्तीने तर काहीच बंद करू नका. ते सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. आणि ही यादी व्हॉट्सॲपच्या आधीपासूनची आहे बरं का. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये असंच एक टाईप केलेलं पत्रक हातोहात फिरलं होतं, त्यातही ३३० पहिल्या नंबरचा गुन्हेगार. खाली एका कॅन्सर हॉस्पिटलचं नाव दडपून दिलेलं. आमचा याच्याशी संबंध नाही, असं हॉस्पिटलने सांगूनही ते फिरतच राहिलं. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने सायट्रिक ॲसिडला 'रोज इतकंच' अशी आकड्यातली मर्यादासुद्धा घातलेली नाही.

हां, कारखान्यात ते लिंबं पिळून काढत नाहीत. साखरेच्या पाकावर किंवा मळीवर एक बुरशी वाढवतात, ती ते तयार करते. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन संशोधकाने ही पद्धत दाखवून दिली. कांद्याच्या सालीखाली काळी पूड धरते ना, तीच ही बुरशी. तयार मालात ती उरत नाही, गाळून वेगळी केलेली असते. उपासाला चालेल का, हे मात्र मला विचारू नका, आमच्या घरातच त्यावर दोन पक्ष आहेत.

मी गोव्यात कुंडईला एका छोट्या युनिटमध्ये लोणची आणि बलचांव (कोळंबीचं आंबट-तिखट लोणचं) यांची क्वालिटी बघतो, त्यामुळे हे नंबर रोज हाताखालून जातात. आंबटपणा हा चवीचा भाग झालाच, पण आमच्यासाठी खरा प्रश्न ४.६ चा असतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. तो ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकत नाही. या जंतूला हवा नको असते, आणि बलचांवच्या बाटलीत वर तेलाचा थर म्हणजे आत हवा नाहीच. थोडक्यात, आंबट कमी पडलं तर ती बाटली त्याच्या सोयीचीच झाली.

गंमत अशी की नुसता मसाला मोजून भागत नाही. मसाल्याचा पीएच छान ४ दाखवतो, पण सुंगटाच्या (कोळंबीच्या) आत आंबट मुरायला वेळ लागतो, आणि मासळीतली प्रथिनं बरंचसं ॲसिड पचवून टाकतात. म्हणून बाटली भरल्यावर काही दिवस थांबायचं, मग एक उघडून तेल निथळायचं (तेल लागलं की मीटरची काडी खोटं बोलते), सुंगटं-मसाला सगळं मिक्सरमध्ये बारीक करायचं आणि मग मोजायचं. तो आकडा ४.६ च्या बराच खाली हवा. अगदी काठावर असेल तर मी लॉट सोडत नाही.

घरी पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, आपण हेच माडाच्या सुरेच्या (माडीच्या) व्हिनेगरवर करतो. त्याची धार दर खेपेला वेगळी असते, घरच्या चार बाटल्यांना ते चालून जातं. विकायच्या मालात तसं चालत नाही. बाजारच्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावं लागतं, त्यामुळे हिशेब मांडता येतो. तेच ॲसिड लेबलवर २६० म्हणून येतं. शिवाय २११, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते सोडियम बेंझोएट, आंबट पदार्थातच नीट काम करतं. म्हणून सरबतांवर ३३० आणि २११ ही जोडी दिसते.

नूडल्सचं प्रकरण उलटं आहे. ५०० आणि ५०१ हे सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार, आंबट नाहीतच. रेग्युलेटर पीएच वरही नेतो. पापडात पापडखार घालतो, त्याच जातीचं काम: पीठ घट्ट होतं, किंचित पिवळसर दिसतं, उकळत्या पाण्यात शेव लगदा होत नाही. नूडल्स कमी द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण कारण म्हणून मसाल्याच्या पुडीतलं मीठ बघा.

मला स्वतःला या यादीत खटकतो तो ३३८. ते फॉस्फरिक ॲसिड, कोलामध्ये असतं. फॉस्फेटला त्याच समितीने मर्यादा घातली आहे: सगळ्या खाण्यातून मिळून, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ७० मिलिग्रॅम फॉस्फरस. धडधाकट माणूस तिथवर सहसा जात नाही. पण घरात कोणाची किडनी कमजोर असेल तर ३३८, ४५० ते ४५२ (हेही फॉस्फेटच) आणि पोटॅशियमवाला ५०१ यांबद्दल डॉक्टरांना विचारा, तिथे हे नंबर खरंच महत्त्वाचे ठरतात.

आणि मुलीचं म्हणाल तर जॅमपेक्षा त्या आंबट गोळ्यांकडे लक्ष ठेवा, ज्यांच्यावर साखरेसारखी पांढरी पूड असते. ती पूड म्हणजे बऱ्याचदा सायट्रिक किंवा मॅलिक ॲसिड, आणि गोळी गालात धरून चघळली की दातांचं वरचं कवच झिजतं. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायला लावा. लगेच ब्रश नको, कवच तेव्हा मऊ झालेलं असतं, अर्ध्या-पाऊण तासाने घासू दे.