अभ्यासाचा मोबाईल की मोबाईलचा अभ्यास?

प्रश्न: ताई, मी तासगावची. पोरगा सातवीत आहे, शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो म्हणून मोबाईल द्यावाच लागतो आणि मग तो हातातनं सुटतच नाही, रील्स सुरू. शेतावरनं यायला आम्हाला सात वाजतात. काय करू?

उत्तर: अहो, हे घरोघरीचंच आहे. गृहपाठ तेवढा वहीत उतरवून घ्या आणि मोबाईल परत घ्या, पाच मिनिटांचं काम. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात बघा, ते दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ वगैरे मिळतात, आधी डाऊनलोड करून ठेवले तर नेट बंद करूनही बघता येतात, म्हणजे रील्सचा प्रश्नच मिटला (निदान तेवढ्या वेळापुरता!).

आणि तुमच्याच सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव माहितीये ना? २०२२ पासून तिथं संध्याकाळी ७ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. सगळं गाव एकदम बंद करतं म्हणून जमतं. तुम्ही एकट्यानं पोराचा काढून घेतला आणि बाबा बाजूला बसून मॅच बघतायत, मग पोरगं कशाला ऐकेल? गल्लीतली चार घरं तरी गाठा.