निनावी ईमेल कोणी लिहिले, हे भाषेवरून कोर्टात सिद्ध होतं का?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात सहा निनावी धमकीचे ईमेल आले, संशय दोन सहकाऱ्यांवर आहे. त्यांतला एक नेहमी ‘की’ऐवजी ऱ्हस्व ‘कि’ लिहितो आणि ईमेलमध्येही तसंच आहे. एवढ्यावर कोर्टात जाता येईल का?

एवढ्यावर नाही. ऱ्हस्व ‘कि’ लिहिणारे इतके आहेत की ते सापडलं म्हणून संशय कोणाकडे फारसा सरकत नाही. लेखनशैली बोटाच्या ठशासारखी नसते. एकच माणूस साहेबाला वेगळं लिहितो आणि भावाला वेगळं. भाषेच्या पुराव्याला वजन येतं ते दोन गोष्टी जुळल्यावरच: सवय त्या माणसात सातत्याने दिसली पाहिजे आणि बाकीच्यांत ती विरळ असली पाहिजे. दुसरी गोष्ट मोजायची राहून जाते आणि केस तिथेच पडते.

विरळपणा मोजणं म्हणजे काय, हे डेरेक बेंटलीच्या प्रकरणात छान दिसतं. 1953 मध्ये इंग्लंडमध्ये एका पोलिसाच्या खुनाबद्दल त्याला फाशी झाली. त्याची जबानी प्रश्न न विचारता, तो बोलला तशीच उतरवली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. भाषातज्ज्ञ माल्कम कुल्थार्ड यांनी नंतर ती तपासली, तेव्हा 582 शब्दांत ‘देन’ (म्हणजे ‘मग’) 10 वेळा आलेला आढळला, आणि काही ठिकाणी ‘आय देन’ (‘मी मग’) अशा क्रमाने. सामान्य इंग्रजी बोलण्यात ‘देन आय’ हा क्रम त्याच्या सुमारे दहापट आढळतो. ‘आय देन’ ही पोलिसी जबाबांची धाटणी. शिवाय जबानीत अशी नकारार्थी वाक्यं होती, जी कोणी विचारल्याशिवाय माणूस आपणहून बोलत नाही. 1998 मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. मात्र ती फक्त भाषेच्या विश्लेषणामुळे रद्द झाली, असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. मूळ खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेलं एकतर्फी मार्गदर्शन हे अपिलातलं मुख्य कारण होतं.

आता तुमच्या ईमेलांकडे. सर्वांत जास्त नुकसान सुरुवातीलाच, गोळा करताना होतं. स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ ईमेल संपूर्ण हेडरसह (ईमेल कुठून, कसा आला याची तांत्रिक माहिती) फाइल म्हणून जतन करा, फॉरवर्ड करू नका, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) त्याच दिवशी नोंदवून ठेवा. मजकूर पुन्हा टाइप केला की टाइप करणारा नकळत चुका सुधारतो. दोन टिंबांची तीन होतात, स्वल्पविरामाआधीची मोकळी जागा जाते, आणि नेमका तोच पुरावा असतो. सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावरच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, मर्यादित काळच ठेवले जातात, म्हणून ते मिळवण्याची कायदेशीर मागणी आधी करा. ते हाती आले तर भाषेपेक्षा भक्कम ठरतात.

तुलनेसाठी दोघांचाही मजकूर लागेल, आणि तो निनावी ईमेलांच्याच जातीचा हवा: त्याच काळातला, त्याच माध्यमातला, जमल्यास तशाच रागाच्या सुरातला. ऑफिसचा अहवाल आणि धमकी यांची तुलना केली तर फरक माणसांमधला दिसत नाही, लेखनप्रकारांमधला दिसतो. शब्दांच्या वारंवारितेवर चालणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतींना प्रत्येक लेखकाचे काही हजार शब्द लागतात. सहा छोट्या ईमेलांत ते नसतीलच, म्हणून इथे लक्षणं आहेत की नाहीत एवढंच मोजायची पद्धत वापरावी लागेल. तिसरा गठ्ठा संशय नसलेल्या, पण त्याच ऑफिसातल्या आठ-दहा जणांच्या लेखनाचा. तो नसेल तर ‘हे वेगळं आहे’ म्हणायला आधारच राहत नाही.

लक्षणांची यादी निनावी ईमेलांवरून आधी बनवा, मग संशयितांचं लेखन उघडा. उलट केलं की माणूस हवं तेच शोधतो. विश्लेषकाला संशय कोणावर आहे हे सांगू नका. नमुने अ, ब, क अशा खुणांनी द्या. मराठीत उपयोगी पडणारी लक्षणं अशी: ‘म्हणालो’ऐवजी ‘बोललो’, ‘करून’ की ‘करुन’, शब्दयोगी अव्यय जोडून की तोडून, विरामचिन्हापूर्वी जागा, रोमन लिपीत ‘आहे’ लिहिताना ‘ahe’ की ‘aahe’. ठळक चुका सहज नकलता येतात. लपलेल्या सवयी, म्हणजे वाक्याची सुरुवात कशाने होते, नकार कुठे येतो, ‘पण’ आणि ‘परंतु’ यांतलं काय निवडलं जातं, या नकलणं अवघड; त्यांना मी जास्त महत्त्व देतो. ऑटोकरेक्ट, कीबोर्ड आणि एआयकडून मजकूर सुधारून घेणं यांची चौकशी आधीच करा, नाहीतर यंत्राची सवय माणसाच्या नावावर जाते.

वजन काढताना विचार असा: समजा, एक लक्षण त्या माणसाच्या 10 पैकी 8 ईमेलांत आहे आणि इतरांच्या 100 पैकी 5 मध्ये. मग ते लक्षण तो लेखक असण्याकडे साधारण 16 पट झुकतं. याचा अर्थ तोच लेखक असण्याची शक्यता 16 पट झाली किंवा तोच लेखक आहे, असा नाही. आणि अशी पाच लक्षणं सापडली म्हणून आकडे एकमेकांना गुणू नका. ‘कि’ आणि ‘आणी’ या दोन्ही चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या एकाच कच्चेपणातून येतात. त्या गुणल्या तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. उलटतपासणीत इथेच तज्ज्ञ अडकतो.

तज्ज्ञाने अहवालात ‘हे यानेच लिहिलं’ असं म्हणू नये. अमेरिकेत 1993 च्या डॉबर्ट निकालानंतर (तज्ज्ञांचा पुरावा कधी स्वीकारायचा याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल) पद्धत तपासता येते का, ती किती वेळा चुकते, हे न्यायाधीश विचारतात. 2000 मध्ये तिथल्या एका खटल्यात न्यायालयाने तज्ज्ञाला साम्यं दाखवू दिली, पण लेखक कोण यावर मत देऊ दिलं नाही. भाषेचा पुरावा तपासाची दिशा ठरवायला जास्त चांगला चालतो. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणारा युनाबॉम्बर (टेड काझिन्स्की) याच्या सुमारे 35,000 शब्दांच्या जाहीरनाम्याची त्याच्या जुन्या लेखनाशी तुलना झाली, ती 1996 मध्ये झडतीच्या वॉरंटसाठी वापरली गेली. खरा पक्का पुरावा त्याच्या जंगलातल्या केबिनमध्ये सापडला.

आणि यादी करण्याच्याही आधी एक तपासणी करा: सहाही ईमेल एकाच माणसाचे आहेत का? तीन एकाचे आणि तीन दुसऱ्याचे असतील, तर ते एकत्र मिसळून काढलेली सवय कोणाचीच नसते.