व्हेगासला पहिल्यांदाच निघालायस ना?

आधी बूट चांगले घे. नकाशात शेजारी दिसणारं हॉटेल चालायला लागलं की अर्धा तास खातं. स्ट्रिप, म्हणजे मोठी हॉटेलं नि कॅसिनो असलेला मुख्य रस्ता, जवळपास पावणेसात किलोमीटर लांब आहे, आणि जुलैत पारा चाळिशीपार असतो. मी चपला घालून निघालो होतो. दुसऱ्या दिवशी लंगडत होतो.

खरी मजा फुकटात आहे. बेलाजिओ हॉटेलची कारंजी अंधार पडल्यावरच बघ, मग आतली फुलांची बाग.

जुगार खेळायचाच असेल तर रूलेटमध्ये, म्हणजे गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल त्यावर पैसे लावायच्या खेळात, चाकावरची शून्यं मोज. एक शून्य असेल तर लावलेल्या शंभर डॉलरमागे कॅसिनोला सरासरी २.७० डॉलर सुटतात, दोन असतील तर ५.२६. तीन शून्यांची चाकंही आहेत, तिथे फिरकूसुद्धा नकोस! ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात ६:५ लिहिलेलं टेबल सोड, ३:२ चं शोध; पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले तर तिथे जास्त पैसे मिळतात. पासपोर्ट जवळ असू दे, २१ वर्षांखालच्यांना खेळता येत नाही.

आणि हो, खोलीचं भाडं स्वस्त दिसलं म्हणून हुरळू नकोस. बहुतेक ठिकाणी भाड्यावर वेगळी रोजची रिसॉर्ट फी असते. ती धरूनच हिशेब कर.

एक संध्याकाळ जुन्या फ्रीमाँट स्ट्रीटसाठी राख. मला तरी स्ट्रिपपेक्षा तेच आवडतं.