बरीच वर्षं बंद असलेला २००८ चा कॉम्प्युटर आणि जुना लेझर प्रिंटर परत चालू करावा की भंगारात द्यावा?

भंगारात देऊ नका. आधी उघडून बघा, मग ठरवा.

तुम्ही लिहिलंय की घरात कोअर टू ड्युओचा कॉम्प्युटर आहे, विंडोज एक्सपी आहे, १२ए टोनरचा लेझर प्रिंटर आहे, सगळं काही वर्षांपासून झाकून ठेवलंय, आणि दुकानदार न बघताच म्हणाला, "याचं आता काही होत नाही." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय, मेकॅनिककडूनही आणि आमच्या धाकट्या भाऊजींकडूनही.

मी परभणीला घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, हरिनाम सप्त्याच्या पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. मशीन तुमच्यासारखंच, २००८ चं. जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड), डीडीआर-टू रॅम, एक्सपी आणि पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. एका वर्षी ऐन लग्नसराईत ते रुसलं. बटन दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळीच. चार-पाचदा बंद-चालू केलं की सुरू व्हायचं, आणि एकदा गरम झालं की तासन्‌तास चालायचं. मग मधेच आपोआप रिस्टार्ट. हे लक्षण नीट लक्षात ठेवा: थंड असताना सुरू होत नाही, गरम झाल्यावर चालतं.

मेकॅनिकने मशीन नेलं, दोन दिवस ठेवलं आणि परत आणून सांगितलं, "बोर्ड गेला. हे बोर्ड आता येत नाहीत. नवीन सेट घ्या." कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूंवरची धूळ जशीच्या तशी होती. झाकण उघडलंच नव्हतं. त्याचे पैसे मी दिले, पण मला ते अजून खुपतं. निदान करायचं नसेल तर तसं सांगावं, माणूस दुसरीकडे जाईल.

भाऊजींनी त्याच संध्याकाळी एक नवाकोरा सेट आणून माझ्या टेबलावर मांडला. "वहिनी, किती दिवस त्या डबड्याच्या नादी लागायलात? हे बगा, दहा सेकंदात चालू." माणूस मायेचा आहे, घरचं काम अडू नये म्हणूनच आणलं होतं. चालूही लगेच झालं. पण माझ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही, अशी किल्ली) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटला लागतं, आणि नव्या सेटला पॅरलल पोर्टच नाही. भाऊजींनी यूएसबी ते पॅरलल केबल आणली. ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते, डोंगल तिच्यावर ओळखलं जात नाही. मग म्हणाले, "युनिकोडमध्ये करा की."

युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं टायपिंग, मला आवडतं, हे उत्तरसुद्धा युनिकोडमध्येच लिहितेय. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. आणि माझ्या जुन्या फायली जुन्या फॉन्टच्या आहेत, तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, बरेचसं काम करतातही, पण रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं इथं गडबड करतात. सप्त्याच्या पत्रिकेत सात दिवसांचे कीर्तनकार, गाथामूर्ती, मृदंगाचार्य, अन्नदाते अशी शेदीडशे नावं असतात. त्यातलं एक नाव चुकलं तर तो माणूस ती पत्रिका वर्षभर विसरत नाही. गावोगावच्या पत्रिका दरवर्षी थोडाफार बदल करून परत छापायच्या असतात. ते सगळं नव्याने टाइप करायचं, तेही एप्रिल महिन्यात? मी नाही म्हटलं.

रात्री कॅबिनेट उघडलं. टॉर्च मारून प्रोसेसरच्या शेजारी बघितलं. तिथे उभ्या डब्यांची एक रांग असते, ते कपॅसिटर. चांगल्याचं डोकं सपाट असतं आणि त्यावर फुलीसारखी चीर कोरलेली असते. माझ्या बोर्डावर काहींची डोकी टम्म फुगली होती आणि एकाच्या चिरेतून तपकिरी खपली बाहेर आली होती. आतला द्रव सुकत गेला की कपॅसिटर प्रोसेसरला स्थिर व्होल्टेज देऊ शकत नाही. गरम झाला की थोडा वेळ बरा वागतो. म्हणून ते लक्षण. साधारण २००० ते २००७ या काळात बनलेल्या कितीतरी बोर्डांना हा आजार होता, त्यानंतरच्यांनाही उष्णतेने होतोच, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीतच चाळीसच्या पुढे पारा असतो.

स्टेशन रोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी बोर्ड उलटा करून बघितला आणि म्हणाले, "आणा सामान, देतो टाकून." सामान म्हणजे १०५ डिग्रीपर्यंत टिकणारे, लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले) कपॅसिटर. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, कमी चालत नाहीत. इथे मिळाले नाहीत. शेजारच्यांचा मुलगा हैदराबादला शिकायला होता, त्याने कोठीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतले आणि देवगिरीने येताना आणले. काकांनी शिसं वितळवायची नेहमीची पंचवीस वॅटची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) लावली, एका पायाचं शिसं वितळलं, दुसऱ्याचं वितळेना. तो पाय बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या अख्ख्या थराला जोडलेला असतो, सगळी उष्णता तोच ओढून घेतो. मग काकांनी मोठी इस्त्री काढली, जुन्या शिशावर थोडं नवीन शिसं लावलं, तेव्हा कुठे पाय सुटला. जुना डबा निघाल्यावर भोक सुईने मोकळं केलं, पट्टी असलेली बाजू म्हणजे निगेटिव्ह हे दोनदा तपासून नवीन बसवला. मी शेजारी स्टुलावर बसून शेवटपर्यंत बघितलं. त्यांनी मजुरी घेतली ती इतकी कमी की मीच जास्तीचे ठेवून आले.

मशीन पहिल्या बटनाला सुरू झालं. त्या सीझनच्या सगळ्या पत्रिका त्याच्यावरच निघाल्या.

भाऊजी अजूनही म्हणतात, "एका बिघाडाचं काय कौतुक, उद्या दुसरं जाईल." जाईल ना. पण नवीन घ्यायचा खर्च म्हणजे नुसती सेटची किंमत नव्हे. नवं सॉफ्टवेअर, जुन्या फायलींची पुनर्टायपिंग, प्रूफ, आणि ऐन हंगामात परत पाठवलेलं गिऱ्हाईक, हे कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. काम ज्या मशीनवर होतंय ते मशीन चालू ठेवणं म्हणजे कंजूषपणा, हे मला आजही मान्य नाही.

आता तुमचं. इतकी वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावू नका. आधी झाकण काढा. आपल्याकडे आत पाल, झुरळं, उंदराच्या लेंड्या हमखास निघतात, आणि कुंभारमाशी मागच्या पोर्टांत मातीचं घर करते. अंगणात नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. हार्ड डिस्क काढून सॅटा ते यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि फोटो, फायली, सगळं आधी कॉपी करा. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. जुनी डिस्क परत एकदा फिरेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, बदला. तो मेला की तारीख मागे जाते, चालू करताना एफ१ दाबा म्हणून येतं, आणि तारीख चुकीची असली की वेबसाइटही सर्टिफिकेटची तक्रार करून उघडत नाहीत. लोक नेटवाल्याला शिव्या देतात, दोष सेलचा असतो. लांब बीप येत राहिला तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका, परत क्लिप वाजेपर्यंत बसवा. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट आता खडूसारखी झालेली असणार, ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. कपॅसिटरचं वर सांगितलंच.

अर्थिंग तपासा, हे मराठवाड्यात कुणी करत नाही. मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर प्लगमधल्या विजेच्या जवळजवळ निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट थोडा असतो, पण प्रिंटरची केबल लावता-काढताना पोर्ट उडायला तेवढा पुरतो. खड्ड्यात पाणी घाला, इलेक्ट्रिशियनला मीठ-कोळसा बघायला सांगा.

प्रिंटरबद्दल माझं मत अगदी सरळ आहे: घरात जुना लेझर असेल तर जपा, जुना कार्ट्रिजवाला इंकजेट असेल तर त्याच्यामागे वेळ घालवू नका. आपल्या उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिला की त्याच्या हेडमधली शाई सुकते. टोनर ही कोरडी पूड, ती सुकायचा प्रश्नच नाही. एचपीचा १०२० असेल तर फारच उत्तम, तो प्रिंटर दणकट आहे आणि १२ए चं सामान आजही कुठेही मिळतं.

कागद ओढत नसेल तर नवीन प्रिंटर घ्यायची गरज नाही. कागद उचलणारा रबरी रोलर गुळगुळीत झालेला असतो. पाण्याने ओलसर केलेल्या सुती फडक्याने पुसा, रबर परत खरखरीत लागेल. दोन-दोन कागद एकदम जात असतील तर खालचं सेपरेशन पॅड बदला. प्रिंट मध्येच फिकी येत असेल तर कार्ट्रिज काढून आडवं धरून हळूहळू हलवा, पण ड्रम, म्हणजे कार्ट्रिजमधला चकचकीत रूळ, उजेडात उघडा ठेवू नका. पानावर तोच डाग साधारण साडेसात सेंटीमीटरवर परत-परत येत असेल तर ड्रमला ओरखडा आहे. अक्षर बोटाने पुसलं जात असेल तर फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) बघायला द्या. स्वस्त रिफिल करणारे नुसती पूड भरून देतात, वाया गेलेल्या टोनरचा कप्पा रिकामा करत नाहीत. समोर उभं राहून करून घ्या. मी छपाईसाठी ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढते, काळं जरा राखाडी आलं तरी छपाईवाला परत पाठवतो, म्हणून यात मी तडजोड करत नाही.

सांडलेला टोनर गरम पाण्याने धुऊ नका, चिकटून बसतो. थंड पाणी वापरा. प्रिंटरच्या आत ब्लोअरही मारू नका, ती पूड आरशावर आणि तुमच्या छातीत जाते. आणि लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर कधीही लावू नका. फ्यूजर तापताना एकदम इतका लोड घेतो की यूपीएस ट्रिप होतो आणि कॉम्प्युटरही बंद पडतो. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर. पावसाळ्यात कागदाचं रिम उघडं ठेवू नका, ओला कागद फ्यूजरमधून वळून येतो आणि अडकतो.

काही गोष्टी राहिल्या. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, त्यामुळे एक्सपीवर इंटरनेट नको, बँकेचं काम तर अजिबात नको. माझं मशीन नेटला जोडलेलंच नाही. तुम्हाला नेटही हवं असेल तर कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, एक्सपीची डिस्क बाजूला ठेवा, दुसरी साधी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावून रॅम ४ जीबी करा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. पत्रं, पीडीएफ, मुलांचे प्रोजेक्ट आरामात होतात. १०२० मात्र दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर (स्वतःला चालवणारा छोटा प्रोग्राम) मागतो, लिनक्समध्ये ते आधी बसवावं लागतं, नाहीतर प्रिंटर दिसतो पण छापत नाही.

एसएमपीएस आणि जुना काचेचा मॉनिटर स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज साठलेलं असतं. पेंटियम फोर असता तर मी टाका म्हटलं असतं, तो वीज खातो आणि गरम होतो. आणि टाकीवाले इंकजेट रोज वापरात असतील तर माझं वरचं मत त्यांना लागू नाही.

एवढं करूनही नाहीच जमलं, तर डिस्क काढून घ्या आणि भंगारवाल्याच्या आधी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. पॅरलल पोर्टवाला चालू बोर्ड तो आनंदाने नेईल. परभणीच्या जवळ असाल तर मलाच विचारा.