दीर्घ ग्रंथ वेबवर ठेवताना

प्रश्न: ठाण्यातील तलावांविषयी वडिलांनी लिहिलेला सुमारे ३५० पानांचा ग्रंथ आम्ही वर्डमध्ये टाइप करून घेतला आहे. त्यात पुष्कळ तळटीपा आहेत. त्याची पीडीएफ करून वेबसाइटवर ठेवली, तर पुरेसे होईल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: छापून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पीडीएफ जरूर ठेवावी, परंतु तेवढ्यावर न थांबता ग्रंथ वेबपानांच्या रूपातही द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पीडीएफच्या पानाचे माप ठरलेले असते, त्यामुळे मोबाइलवर ओळ न्‌ ओळ सरकवत वाचावी लागते आणि इतक्या कष्टाने लिहिलेला ग्रंथ वाचक अर्ध्यावर सोडतो.

सर्वप्रथम टायपिंग कोणत्या फॉन्टमध्ये झाले आहे, ते पाहावे. फाइलमधील ‘मासुंदा’ हा (ठाण्यातील तलावाच्या नावाचा) शब्द कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट करावा. तिथे रोमन अक्षरांची गिचमिड उमटली, तर टायपिंग जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झाले आहे आणि मासुंद्याची माहिती शोधणाऱ्याला आपला ग्रंथ सापडणार नाही, असे समजावे. असा मजकूर कन्व्हर्टरने (रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरे वापरणाऱ्या पद्धतीत, आणता येतो, मात्र पहिली वेलांटी आणि रफार नेमके तिथेच जागा चुकतात, म्हणून त्यानंतरचे मुद्रितशोधन टाळू नये.

खरे काम वर्डमध्येच करायचे आहे. प्रकरणाचे नाव नुसते ठळक आणि मोठे केल्याने ते शीर्षक ठरत नाही. त्याला ‘हेडिंग १’ आणि उपशीर्षकाला ‘हेडिंग २’ ही स्टाइल द्यावी. तळटीपांचे आकडे हाताने वर चढवलेले असतील, तर त्या ‘इन्सर्ट फूटनोट’ने पुन्हा घालाव्यात. हे किचकट आहे, पण एवढे झाले की पॅनडॉक हे मोफत सॉफ्टवेअर वर्ड फाइलचे स्वच्छ एचटीएमएल (वेबपाने ज्या भाषेत लिहिली जातात ती) करते आणि तळटीपांचे दुवेही आपोआप जोडते. वर्डमधूनच सेव्ह करायचे असल्यास ‘वेब पेज, फिल्टर्ड’ निवडावे. साध्या ‘वेब पेज’मध्ये वर्डच्या स्वतःच्या खुणांची भरताड होते.

प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्र पान द्यावे. पानाचा पत्ता रोमन लिपीत, आखूड ठेवावा, कारण देवनागरी पत्ता कॉपी केल्यावर बरेचदा सांकेतिक रूपात उतरतो आणि ‘ठाणे’ एवढ्या शब्दाची ३६ चिन्हे होतात. ‘पाहा पृष्ठ २१४’ अशा निर्देशांना वेबवर अर्थ उरत नाही. तिथे संबंधित परिच्छेदाचा दुवा द्यावा.