माद्रिदहून गाडीने एक दिवस: टोलेडो की सेगोव्हिया?

भाड्याने गाडी घेणारच असाल तर सेगोव्हिया. टोलेडोला माद्रिदच्या आतोचा स्थानकातून वेगवान रेल्वेने जेमतेम अर्धा तास लागतो, आणि जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी नुसती गळ्यात पडते. सेगोव्हियाचं वेगवान रेल्वेचं स्थानक मात्र गावाबाहेर आहे, शिवाय गाडीने जाण्यात खरी मजा घाटाची आहे. नाव्हासेरादा खिंडीतून (उंची सुमारे १,८५० मीटर) पाइनच्या जंगलातली वळणं उतरलात की वाटेत ला ग्रांखाचा राजवाडा लागतो. तिथल्या बागेला दीड-दोन तास ठेवा, फक्त सोमवारी राजवाडा बंद असतो. पुढे सेगोव्हिया दहा-बारा किलोमीटर. गाडी वाहनतळावर लावून चुना-गारा न वापरता रचलेला रोमन जलसेतू आणि अल्काझार हा किल्ला पायीच बघा.

हे सगळं बर्फ नसेल तेव्हा. हिवाळ्यात खिंडीत चाकांना साखळ्या लागू शकतात. अशा वेळी एपी-६ या महामार्गाचा टोल भरून बोगद्यातून जा. आणि गाडी शक्यतो विमानतळावरून घ्या, माद्रिदच्या मध्यभागी प्रदूषण-निर्बंधांची कटकट असते.